एक जानेवारी दोन हजार दोन

लीएपायाच्या कालव्याकाठी, तिसऱ्या मजल्यावर
वेल्टाबाईंच्या जेवणाच्या टेबलावर
दोन संगणक एकमेकांकडे पाठ करून बसले होते.
एक पिवळट पडलेला, पंख्याचा आवाज घोगरा,
माथ्यावर लोकरीचा रुमाल, रुमालावर कॅक्टसची कुंडी.
दुसरा पुतण्यानं डब्लिनहून पाठवलेला, वहीएवढा,
पडद्यावरची फिल्म अजून न सोललेला.

मला सायकली दुरुस्त करता येतात.
तेवढ्यावरून जिन्यातल्या सगळ्यांनी ठरवलंय
की मला सगळंच येतं.

"जुन्यातलं नव्यात घ्यायचंय ना?" मी विचारलं.
"आधी बोलू तरी देत एकमेकांशी," त्या म्हणाल्या
आणि राईच्या पावाला लोणी लावत बसल्या.

केबल जोडली. हिरवे दिवे लुकलुकले.
दोघांना एकाच वर्कग्रुपमध्ये बसवलं.
जुन्याच्या नावात एक अक्षर चुकलं होतं,
तेवढ्यावर भावकी तुटलेली.
पिंग केलं : चार हाका, चार वेळा ओ.
म्हणजे ऐकू येत होतं.
पण नव्यानं दार ठोठावलं की एकच निरोप :
मार्ग सापडत नाही.
हातभर केबल, मध्ये लोण्याची बशी,
आणि मार्ग सापडत नाही!

खरं तर नवा कानात बोळे घालूनच कारखान्यातून निघालेला.
जुन्याची बोली त्याला वर्ज्य.
ती बोली बोलू दिली की तिच्या आडून
चोर घरात शिरतात म्हणे.
म्हणे काय, शिरतातच.
"बाहेरची तार काढा, मग मी बोळे काढतो," म्हटलं.
उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद करावा
तशी त्यांनी ती तार उपटली.

यादीत खाली, फार खाली, एक रिकामी चौकट.
खूण केली. बंद केला. चालू केला.
आता जुना अडला : पासवर्ड?
"आर्विड्सनं कधी ठेवलाच नाही," त्या म्हणाल्या.
"रिकाम्या हातानं आत घेत नाही तो," मी म्हणालो,
"त्यांच्या नावावर काहीतरी ठेवावं लागेल."
त्यांनी एका बोटानं टाइप केलं. सात अक्षरं, सावकाश.
मी तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.
कालव्यावर दोन बदकं, आणि काठाशी पातळ राखाडी साय.

फोल्डर उघडलं. नाव : बर्फ.
आत एकच फाइल, चौऱ्याण्णव ते दोन हजार नऊ.
कालवा कधी गोठला, कधी फुटला.
शेऱ्यांच्या रकान्यात :
"कुत्रं पलीकडे गेलं. माणसानं जाऊ नये."
"मी गेलो. वेल्टाला सांगू नये."

त्या वाचत होत्या. मी ती फाइल ओढायला माउस धरला
तर माझं मनगट धरलं त्यांनी.
"तिकडून इकडे नाही.
इकडून तिकडे."

मग कपाटातून वही काढली.
त्याच्यानंतरचे चौदा हिवाळे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलेले.
त्या सांगत गेल्या, मी नव्यावर टाइप करत गेलो.
तीन ओळींत फक्त : गोठला नाही.
गोठला नाही.
पाव फार, बदकं गोळा, गोठला नाही.

जुन्याला वाचता यावं म्हणून जुन्या स्वरूपात साठवायला घेतलं.
नव्यानं बजावलं : काही गोष्टी हरवू शकतात.
"काय हरवेल?"
"रंग, बहुतेक."
"रंग मी घातलेच नाहीत."

थेट त्याच फोल्डरमध्ये साठवलं.
दोन फाइली खालीवर उभ्या राहिल्या,
आणि नवीन फाइलीसमोर तारीख आली
एक जानेवारी, दोन हजार दोन.

आतली बॅटरी मेलीय, मी म्हणालो.
प्लग काढला की घड्याळ विसरतो तो,
दर वेळी त्याच दिवशी जागा होतो.
गोल बॅटरी असते, मनगटी घड्याळात असते तशी.
दीड युरो. उद्या आणून घालतो.

त्यांनी रुमाल सारखा केला, कॅक्टस परत ठेवला.
"उद्या कशाला?" म्हणाल्या.
"कालवा गोठेल की नाही ते कळू दे आधी.
आणि तो पाव संपव, कडक होईल."